मिश्रणाची गणितं : समीकरण नेमकं येतं कुठून?

पाटीपेन्सिल

मंडळी, एका ठिकाणी अडलोय, मदत हवी आहे. लेकीचं सध्या शाळेत बीजगणित चालू आहे. काल रात्री आम्ही दोघं एका उदाहरणापाशी दीड तास बसून होतो. उदाहरण नेहमीचंच:

एका द्रावणात २० टक्के आम्ल आहे, दुसऱ्यात ५० टक्के. दोन्ही मिसळून ३० टक्के आम्लाचं ३० लिटर द्रावण करायचं आहे. कुठलं किती घ्यावं?

मला उत्तर लगेच आलं, कारण स्पर्धा परीक्षांच्या दिवसांत तिरकस वजाबाकीची रीत हाडीमाशी खिळलेली आहे. ५० मधून ३० गेले २०, ३० मधून २० गेले १०, गुणोत्तर २ : १. पहिलं द्रावण २० लिटर, दुसरं १० लिटर. झालं.

लेक म्हणाली, "बाबा, शोधायचेत लिटर आणि तुम्ही वजाबाकी टक्क्यांची केलीत. वर २० टक्केवाल्याचं उत्तर ५० टक्केवाल्याच्या वजाबाकीतून घेतलंत. असं का?"

मला सांगता आलं नाही. मग तिने तिच्या पद्धतीने मांडलं:

क्ष + य = ३०
२०क्ष + ५०य = ३०

सोडवल्यावर क्ष = ४९, य = −१९ आलं. उणे एकोणीस लिटर बघून तिने वही मिटली. दुसऱ्या समीकरणाची उजवी बाजू चुकली आहे हे मला दिसतंय. पण ती का चुकली हे तिला पटेल असं कसं सांगू? रीत माझ्याकडे आहे. मला कारण हवंय.

त्रैराशिक

पाटीपेन्सिल, तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी मोक्याचा आहे. तिला आधी तिच्या समीकरणातल्या तीन पदांचं एकक विचारा.

२०क्ष म्हणजे काय? २० टक्के गुणिले क्ष लिटर. त्याला १०० ने भागलं की पहिल्या द्रावणातलं निव्वळ आम्ल मिळतं, लिटरमध्ये. ५०य हे दुसऱ्यातलं निव्वळ आम्ल. डाव्या बाजूला दोन्ही ठिकाणी टक्के आणि लिटर एकमेकांना गुणले गेलेत. उजव्या बाजूला मात्र नुसते ३० टक्के, त्याला लिटर जोडलेलेच नाहीत. डावीकडे आम्ल आहे आणि उजवीकडे नुसता दर. ही दोन्ही बरोबरीची होणार कशी? उजवीकडे ३० टक्के गुणिले ३० लिटर हवेत:

२०क्ष + ५०य = ३० × ३० = ९००

आता क्षच्या भाषेत य = ३० − क्ष घाला. २०क्ष + १५०० − ५०क्ष = ९००, म्हणून ३०क्ष = ६०० आणि क्ष = २०, य = १०.

या उदाहरणात ३० हा आकडा दोनदा आलाय, एकदा टक्के म्हणून आणि एकदा लिटर म्हणून. गोंधळाचं निम्मं कारण तेच असणार. तिला हेच उदाहरण ३० टक्क्यांच्या ४५ लिटरसाठी करायला द्या, म्हणजे कुठला आकडा कशाचा ते वेगळं दिसेल.

मी शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी क्ष लिहूच देत नाही. तीन भांडी काढायला लावतो. प्रत्येक भांड्याखाली दोन ओळी: एकूण किती, आणि त्यात निव्वळ पदार्थ किती. टक्के फक्त पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाण्यासाठी वापरायचे. मग बघा, पहिली ओळ आडवी वाचली की एक समीकरण मिळतं, दुसरी आडवी वाचली की दुसरं. दोन भांडी तिसऱ्यात ओतली तेव्हा आम्ल कुठे गेलं नाही आणि नवीन आलंही नाही. समीकरण म्हणजे एवढंच वाक्य आहे. टक्क्यांची तिसरी ओळ कुणी आडवी मिळवायला गेला की त्याला थांबवायचं, कारण टक्के भांड्यात ओतता येत नाहीत.

कोराकागद

त्रैराशिककाका, हे 'एकक विचारा' फार आवडलं. माझी अजून परीक्षेची तयारी चालू आहे आणि मी आजवर उजव्या बाजूला काय लिहायचं ते पाठच करत आलोय.

एक विचारतो. एकच चल घ्यावा की दोन? आमच्या क्लासमध्ये सांगतात की क्ष आणि ३० − क्ष असंच लिहायचं, वेळ वाचतो.

त्रैराशिक

वेळ वाचतो हे खरं. पण शिकताना मी दोन चलांच्याच बाजूने आहे. ३० − क्ष लिहिताना एक विचार मनातल्या मनात उरकलेला असतो, आणि तो ज्याने उरकलेला नाही त्याला ते ३० − क्ष आभाळातून पडल्यासारखं वाटतं. दोन चलांनी दोन वाक्यं वेगळी राहतात: एक एकूण द्रावणाचं, एक आम्लाचं. पन्नासेक उदाहरणं हातावेगळी झाली की मुलं आपणच एका चलावर येतात.

सांजवेळ

वरच्याशी सहमत, पण एक भर घालते. मी बरीच वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. उत्तर काढण्याआधी अंदाज बांधायला लावायचा, ही सवय मी कधी सोडली नाही.

२० आणि ५० च्या मिश्रणाचं उत्तर २० आणि ५० च्या मध्येच कुठेतरी येणार. निम्मंनिम्मं घेतलं तर ३५ येईल. आपल्याला ३० हवेत, म्हणजे २० टक्केवालं निम्म्याहून जास्त लागणार. इतकं कळल्यावर य = −१९ दिसलं की मूल वही मिटत नाही, परत मांडणीकडे जातं.

उणे उत्तर येण्याची दोन कारणं असतात. एक तुमच्या लेकीचं झालं ते, मांडणी चुकली. दुसरं कारण जास्त मजेदार आहे. याच दोन द्रावणांतून ६० टक्क्यांचं ३० लिटर करून दाखवा असं सांगा. मांडणी बिनचूक: २०क्ष + ५०य = १८००, क्ष + य = ३०. उत्तर क्ष = −१०, य = ४०. आता चूक मांडणीत नाही, मागणीतच आहे. समीकरण सांगतंय की ५० टक्क्यांचं ४० लिटर घ्या आणि त्यातून २० टक्क्यांचं १० लिटर परत काढून घ्या, आणि ते करता येत नाही. मुलांनी हा अर्थ लावला की मला फार समाधान वाटायचं.

भूर्जपत्र

पाटीपेन्सिल यांच्या मूळ प्रश्नाचा अर्धा भाग अजून राहिलाय: तिरकस वजाबाकी का चालते, आणि आकडे उलट बाजूला का जातात?

आम्लाचं समीकरण एकूण किती लिटर हे न सांगता लिहा. एकूण क्ष + य आहे, म्हणून

२०क्ष + ५०य = ३०(क्ष + य)

क्षची पदं एकीकडे, यची दुसरीकडे नेली की

(५० − ३०)य = (३० − २०)क्ष

म्हणजे २०य = १०क्ष. तिरकस रीतीतल्या दोन्ही वजाबाक्या या कंसांमध्ये बसल्या आहेत. आता हे शब्दांत वाचा. २० टक्केवाल्या प्रत्येक लिटरमागे आपल्याला १० ची तूट पडते. ५० टक्केवाल्या प्रत्येक लिटरमागे २० ची वाढ मिळते. एकूण तूट आणि एकूण वाढ यांची तोंडमिळवणी झाली पाहिजे. वाढीचं एक लिटर तुटीच्या दोन लिटरना पुरतं. म्हणून ज्याची वाढ मोठी ते कमी लागतं, आणि आकडे उलट बाजूला जातात. लेकीला 'तूट' आणि 'वाढ' हे दोन शब्द द्या, तिरकस रेघा काढायची गरजच उरणार नाही.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० साली, मिश्र व्यवहारात सोन्याच्या मिश्रणाचा भाग येतो. तिथे टक्क्यांऐवजी 'वर्ण' आहे आणि १६ वर्णाचं सोनं म्हणजे शुद्ध सोनं. १६ वर्णाचं आणि १० वर्णाचं सोनं एकत्र करून १२ वर्णाचं झालं, तर प्रत्येकाचं वजन किती, असं तिथलं एक उदाहरण आहे. १२ मधून १० गेले २, ते १६ वर्णाचं वजन. १६ मधून १२ गेले ४, ते १० वर्णाचं वजन. गुणोत्तर १ : २. पुढे ते सांगतात की या शेषांना कुठल्याही इष्ट संख्येने गुणा, चालेल. म्हणजे एकूण वजन दिलेलं नसेल तर उत्तर गुणोत्तरातच मिळतं आणि उत्तरं अगणित असतात, हे तिथे स्वच्छ सांगून ठेवलं आहे.

त्याच भागातलं दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. १३, १२, ११ आणि १० वर्णाचं सोनं अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ माष (माष म्हणजे वजनाचं जुनं माप) घेऊन एकत्र आटवलं, तर मिश्रणाचा वर्ण कोणता? वजन गुणिले वर्ण केलं की १३० + ४८ + २२ + ४० = २४०. एकूण वजन २० माष. २४० भागिले २० म्हणजे १२ वर्ण. इथवर साधी भारित सरासरी झाली. पण प्रश्न इथे थांबत नाही. हेच सोनं शुद्ध करताना २० माषांचं १६ माष उरलं तर वर्ण किती? २४० भागिले १६ म्हणजे १५. आणि शुद्ध करून १६ वर्णाचं झालं तर वजन किती उरेल? २४० भागिले १६, पुन्हा १५, पण आता माष.

तिन्ही प्रश्नांत तो २४० हलत नाही. वजन बदलतं, वर्ण बदलतो, पण निव्वळ सोनं तेवढंच राहतं. त्रैराशिक वर 'आम्ल कुठे गेलं नाही' म्हणाले ते हेच.

कोराकागद

हे वाचून अंगावर काटा आला. २४० वाली गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतोय.

प्रयोगवही

मी प्रयोगशाळेत काम करते, रोज द्रावणं बनवते, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने लिहिते.

पहिलं म्हणजे, आम्लाची उदाहरणं वहीत कशीही ओता, पण खऱ्या तीव्र आम्लात पाणी ओतू नका. पाण्यात आम्ल, हळूहळू, ढवळत, हाच क्रम. उलट केलं की वर पडलेलं पाणी उष्णतेने उकळतं आणि आम्ल अंगावर उडतं. मुलांना गणित शिकवतानाही हे सांगून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, 'लिटर अधिक लिटर' हे नेहमी खरं नसतं. ५० मिलि शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिलि पाणी मिसळलं तर १०० मिलि होत नाही, साधारण ९६ ते ९७ मिलि भरतं. रेणू एकमेकांच्या अधल्यामधल्या जागांत बसतात. वजन मात्र तंतोतंत जमतं. म्हणून आमच्याकडे नेमकं काम असलं की वजनावर टक्के काढतात. बाटलीवर टक्के लिहिले असतील तर ते वजनाला वजन आहेत, आकारमानाला आकारमान आहेत, की आकारमानात वजन आहेत, हे आधी बघायचं. आकडा तोच असतो, द्रावण वेगळं.

पाटीपेन्सिल

प्रयोगवही, हे माहीत नव्हतं. पण मग पुस्तकातली सगळी लिटरची उदाहरणं चुकीची म्हणायची का? लेकीला आत्ताच सावरलंय, तिच्यासमोर हे काढायला धजत नाही.

प्रयोगवही

नाही, चुकीची नाहीत. उदाहरणात एक गृहीत धरलेलं असतं की आकारमानं सरळ मिळवता येतात. पातळ द्रावणांत ते बरंच खरं असतं. त्रैराशिक यांची दुसरी ओळ, निव्वळ पदार्थाची, ती कधीच खोटी पडत नाही. संशय घ्यायचाच तर पहिल्या ओळीचा घ्यायचा. किंवा लिटरच्या जागी किलो घाला, मग दोन्ही ओळी खऱ्या.

सांजवेळ

माझ्या मते हे तिला जरूर सांगा, पण आठवड्याने. आधी मांडणी हाताला बसू दे.

नवीपालवी

मी इथे नवीन आहे. हे सगळं वाचून एक उदाहरण आठवलं, ते मला कधीच पटलेलं नाही. १०० किलो ओली माती आहे, तिच्यात ९९ टक्के पाणी आहे. उन्हात ठेवली आणि पाणी ९८ टक्क्यांवर आलं. आता वजन किती? उत्तर ५० किलो देतात. एका टक्क्याने अर्धं वजन कसं उडेल? मी दर वेळी ९९ किलो म्हणते.

भूर्जपत्र

नवीपालवी, स्वागत. हे लीलावतीतल्या शुद्ध सोन्याचंच भावंड आहे. विचारा: उन्हात काय हललं नाही? कोरडी माती. ती सुरुवातीला १ टक्का म्हणजे १ किलो होती. शेवटीही १ किलोच आहे, पण आता ती एकूण वजनाच्या २ टक्के आहे. ज्याचा २ टक्के भाग १ किलो, ते एकूण ५० किलो.

समीकरण हवं असेल तर उडालेलं पाणी क्ष धरा: ०.०२(१०० − क्ष) = १, म्हणून क्ष = ५०.

तुमच्या ९९ किलोचा ताळा करून बघा. ९९ किलोत १ किलो माती, म्हणजे पाणी ९८ किलो. ९८ भागिले ९९ हे जवळजवळ ९८.९९ टक्के झालं, ९८ नाही. मन पाण्याच्या टक्क्यांकडे बघतं, तिथे बदल एवढासा वाटतो. मातीचे टक्के दुप्पट झालेत, तिकडे बघा.

नवीपालवी

आता दिसलं. 'काय हललं नाही' हा प्रश्न मला आधी कुणी विचारलाच नव्हता.

कोराकागद

मग माझंही एक घ्या, सरावातलं. यंत्राच्या टाकीत १० लिटर शीतक-द्रावण आहे, त्यात ३० टक्के शीतक, बाकी पाणी. काही भाग काढून टाकायचा आणि तेवढंच शुद्ध शीतक भरायचं, म्हणजे ५० टक्के व्हावं. मी असं केलं: आत्ता शीतक ३ लिटर आहे, हवंय ५ लिटर, म्हणून २ लिटर काढा, २ भरा. उत्तरसूचीत २० भागिले ७ दिलंय.

त्रैराशिक

तुझ्या उत्तराचा ताळा कर. २ लिटर काढलंस तेव्हा नुसतं पाणी बाहेर आलं का? त्यात ३० टक्के शीतकही गेलं, ०.६ लिटर. उरलेल्या ८ लिटरमध्ये २.४ लिटर शीतक, त्यात २ घातलं की ४.४. म्हणजे ४४ टक्केच झालं.

अशा उदाहरणात तीन भांड्यांऐवजी तीन प्रसंग काढायचे: काढण्याआधी, काढल्यावर, भरल्यावर. क्ष लिटर काढल्यावर टाकीत १० − क्ष उरलं, त्यात शीतक ०.३(१० − क्ष). शुद्ध शीतक क्ष भरलं:

०.३(१० − क्ष) + क्ष = ५
३ + ०.७क्ष = ५
क्ष = २० ÷ ७, साधारण २.८६ लिटर

मधला प्रसंग गाळला की ही चूक हमखास होते. त्या मधल्या ओळीला मी कुणालाच सुट्टी देत नाही.

नवीपालवी

आणि हेच पुन्हा पुन्हा केलं तर? ४० लिटर शुद्ध द्रव आहे, त्यातून ४ लिटर काढून ४ लिटर पाणी घालायचं, असं तीनदा. मी म्हणते ४० − १२ = २८ लिटर शुद्ध द्रव उरेल.

सांजवेळ

पहिल्या वेळी ४ लिटर शुद्ध द्रव गेला, बरोबर. दुसऱ्या वेळी जे ४ लिटर काढलं त्यात पाणीही आहे, म्हणजे शुद्ध द्रव ४ लिटरपेक्षा कमी गेला. म्हणून २८ पेक्षा जास्त उरणार, हा अंदाज आधी बांधा.

दर वेळी भांड्यातलं दहातलं एक जातं आणि दहातले नऊ राहतात. ४० चे ३६, ३६ चे ३२.४, ३२.४ चे २९.१६ लिटर. इथे वजाबाकी नाही, दर वेळी ०.९ ने गुणाकार आहे. निम्म्याच्या खाली यायला किती वेळा लागतं ते पोरांना काढायला लावायची मी. सहा वेळांनी अजून ५३ टक्के उरतो, सातव्यांदा तो ४८ टक्क्यांच्या आसपास येतो. कितीही वेळा केलं तरी शून्य होत नाही, हे कळलं की वर्गात एक शांतता पसरायची, ती मला अजून आठवते.

पाटीपेन्सिल

मंडळी, तीन दिवसांनी परत आलोय. आधी आभार.

लेकीला भांडी काढून दाखवली. दुसरी ओळ लिहिली आणि तिने आपणच उजवीकडे ९ लिटर आम्ल लिहिलं, ९०० सुद्धा नाही. मग तूट-वाढ सांगितली, तर म्हणाली, "हे तर सी-सॉसारखं आहे, जड माणूस मध्याजवळ बसतो." मला हे सुचलं नव्हतं.

काल तिने स्वतः एक गंमत शोधली. कॅरेट म्हणजे चोविसातले भाग, हे मी तिला सांगितलं होतं. २२ कॅरेटच्या १८ ग्रॅम सोन्यात किती तांबं घातलं म्हणजे १८ कॅरेट होईल, असं उदाहरण तिने घेतलं. निव्वळ सोनं २२ × १८ ÷ २४ = १६.५ ग्रॅम. ते १८ कॅरेटमध्ये तीन चतुर्थांश असायला हवं, म्हणून एकूण २२ ग्रॅम, तांबं ४ ग्रॅम. २२ कॅरेटचे १८ ग्रॅम, १८ कॅरेटचे २२ ग्रॅम! आकडे जागा बदलून बसले म्हणून ती मला दाखवायला धावत आली. मी तिला भूर्जपत्र यांचा २४० दाखवला. ती म्हणाली, "मग इथला ३९६."

भूर्जपत्र

तिला माझा नमस्कार सांगा. ३९६ तिने स्वतः ओळखला, यापुढे तिला रीत पाठ करायला लावू नका.

पाटीपेन्सिल

नाही लावणार. आज सकाळी तिने इथे विचारायला म्हणून एक उदाहरण करून दिलंय, तिच्याच शब्दांत टाकतो:

"समुद्राच्या १०० किलो पाण्यात ३.५ किलो मीठ असतं. किती पाणी आटवलं तर १४ टक्क्यांचं द्रावण होईल? मीठ हलत नाही. ३.५ भागिले ०.१४ म्हणजे २५ किलो एकूण. ७५ किलो पाणी आटवायचं. ताळा: २५ चे १४ टक्के ३.५, बरोबर. आता ४० टक्के हवं असेल तर ३.५ भागिले ०.४ म्हणजे ८.७५ किलो. ९१.२५ किलो आटवायचं. हे पण बरोबर ना?"

मी तपासलं, आकडे बरोबर आहेत.

प्रयोगवही

आकडे बरोबर आहेत, पण इथे पदार्थाचा स्वभाव आडवा येतो. नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात मीठ साधारण ३६ ग्रॅमच विरघळतं. १३६ ग्रॅम द्रावणात ३६ ग्रॅम, म्हणजे सुमारे २६ टक्के. त्यापुढे मिठाचं द्रावण जातच नाही. ४० टक्के मिठाचं द्रावण पुस्तकातल्या उदाहरणांत दिसतं, बाटलीत दिसत नाही. (समुद्राच्या पाण्यात इतर क्षारही असतात, पण तिचं उदाहरण नुसतं मीठ आणि पाणी धरून बघू.)

तिला विचारा: ८.७५ किलो उरेपर्यंत आटवलं तर भांड्यात नेमकं काय दिसेल?

पाटीपेन्सिल

विचारलं. दहा मिनिटं कागद घेऊन बसली. हे तिचं उत्तर, जसंच्या तसं:

"८.७५ मधून मीठ ३.५ गेलं, पाणी ५.२५ किलो. त्यात विरघळेल ५.२५ गुणिले ०.३६ = १.८९ किलो मीठ. उरलेलं ३.५ − १.८९ = १.६१ किलो तळाशी बसेल. वर २६ टक्क्यांचं द्रावण, खाली कोरं मीठ. दोन्ही मिळून मीठ अजून ३.५ च."

प्रयोगवही

बरोबर. अगदी असंच दिसतं.